पत्र्याच्या फुलांची आई

लिलावात एखादं चित्र विक्रीला येतं. त्यात ना माणूस, ना झाड, ना घर. नुसती एक काळी सावली आणि भोवती भडक रंग. किंमत ऐकून आपले डोळेच पांढरे व्हावेत! चित्रकाराचं नाव अँडी वॉरहॉल.

आजच्या स्लोव्हाकियातल्या मिकोवा या खेड्यातून त्याचे आईवडील अमेरिकेत आले. अँडीचा जन्म १९२८ सालचा, पिट्सबर्गचा. वडील मजुरी करायचे. आई ज्युलिया रिकाम्या डब्यांचा पत्रा आणि रंगीत कागद घेऊन फुलं करायची, दारोदार विकायची.

आठेक वर्षांचा असताना अँडीला हातपाय आपोआप झटकत राहण्याचा आजार जडला. मुलगा अंथरुणाला खिळला. ज्युलियाने त्याला रंगवायची पुस्तकं आणून दिली. एक पान पूर्ण केलं की एक चॉकलेट! चित्रकलेची गोडी लागली ती इथेच.

१९४२ मध्ये वडील गेले. त्यांनी पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे अँडीच्या कॉलेजच्या कामी आले. १९४९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि जाहिरातींसाठी बुटांची चित्रं काढू लागला. पुढे आईही त्याच्याकडे राहायला गेली ती जवळजवळ वीस वर्षं. तिचं इंग्रजी बेताचंच, पण अक्षर मोठं वळणदार. अँडी आपल्या चित्रांवरचा मजकूर तिच्याकडूनच लिहून घ्यायचा. एका रेकॉर्डच्या वेष्टनावरच्या तिच्या अक्षराला १९५८ मध्ये पुरस्कारही मिळाला. त्यावर नाव काय होतं, ठाऊक आहे? अँडी वॉरहॉलची आई, एवढंच!

१९६२ मध्ये अँडीने सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली. लोक हसले. तेव्हा एका चित्राची किंमत होती १०० डॉलर. नंतर मात्र नाव, पैसा सगळं आलं. संकटंही आली. १९६८ मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातून तो कसाबसा वाचला. १९७२ मध्ये ज्युलिया गेली. तिच्या अंत्यविधीला तो गेला नाही. दोन वर्षांनी त्याने तिची चित्रं मात्र रंगवली. सावल्यांची ती १०२ चित्रांची मालिका त्यानंतरची, १९७८-७९ मधली.

१९८७ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर अँडी वारला. वय अवघं ५८. पिट्सबर्गजवळ आईवडिलांच्या शेजारीच त्याला पुरलं. २०२२ मध्ये त्याचं मेरिलिन मन्रोचं एक चित्र साडेएकोणीस कोटी डॉलरना विकलं गेलं.

एवढ्या कोटींच्या हिशेबात चॉकलेट देऊन पानं रंगवून घेणारी ज्युलिया कुठेच दिसत नाही. अमक्याची आई म्हणून ओळखली जाणारी अशी एखादी आपल्याही गल्लीत असेल. तिच्या हातात काय कला आहे आणि तिचं स्वतःचं नाव काय, हे एकदा विचारायला हवं, नाही का?