शिक्षकांचे आश्रयदाते संत योहान बाप्तिस्त द ला साल

चर्च तेथें शाळा, हें आपणां कॅथॉलिक लोकांच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्या शाळेंत शिकविणारा माणूस प्रथम कोणीं घडविला याचा विचार क्वचितच होतो. म्हणून या स्मरणिकेंत वाचकांपुढें हें चरित्र ठेवीत आहों.

संत द ला साल यांचा जन्म फ्रान्समधील रँस शहरीं ३० एप्रिल १६५१ रोजीं एका सधन घराण्यांत झाला. वडील न्यायाधिकारी होते. वयाच्या पंधराव्या वर्षींच योहान यांना रँसच्या कॅथेड्रलचें कॅनन हें मानाचें व उत्पन्नाचें पद मिळालें. पुढें पॅरिस येथील सेंट सुल्पिस सेमिनरींत अभ्यास चालू असतां १६७१ सालीं आई व १६७२ सालीं वडील वारले, आणि धाकट्या भावंडांसाठीं त्यांना घरीं परतावें लागलें. १६७८ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. येथवर त्यांच्या आयुष्यांत शाळामास्तर कोठेंच नाहीं.

१६७९ सालीं आद्रियाँ नियेल नांवाचे गृहस्थ गरीब मुलांसाठीं शाळा काढण्यास रुआँहून रँसला आले. द ला साल यांनीं त्यांना केवळ सल्ला दिला. नियेल उत्साही खरे. परंतु एक शाळा उघडली कीं लगेच दुसरीच्या मागें धांवावयाचे. मागें राहिलेले मास्तर अल्पशिक्षित व दरिद्री. त्यांना वळण लावणारा कोणी नाहीं. द ला साल यांनीं त्यांस प्रथम आपल्या पंगतीस बसविलें आणि १६८१ सालीं घरांतच राहावयास आणिलें. आरंभीं हे मास्तर आपल्या नोकराहूनही हलके वाटत, असें त्यांनींच पुढें प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. नातलगांचा तर संताप झाला.

ईश्वरावर भरंवसा ठेवा, असा उपदेश ते मास्तरांस करीत. त्यावर मास्तरांनीं रोखठोक विचारलें कीं, कॅननपदाचें उत्पन्न व वडिलार्जित इस्टेट पाठीशीं असणाऱ्यानें असें म्हणणें सोपें आहे. उद्यां शाळा बुडाल्या तर भीक मागण्याची पाळी कोणावर येईल? हा बोल त्यांच्या जिव्हारीं लागला. १६८३ सालीं त्यांनीं कॅननपद सोडलें, आणि १६८४-८५ च्या दुष्काळी हिवाळ्यांत आपली संपत्ति भाकरीच्या रूपानें भुकेल्यांना वांटून टाकिली. हिशेबी माणसाला हें खुळेपण वाटेल. त्या पैशांतून शाळांचा निधि उभारतां आला असता. पण मग मास्तरांच्या प्रश्नास उत्तर कोठून मिळालें असतें?

हेच मास्तर पुढें ब्रदर म्हणून एका व्रतस्थ संघांत बांधले गेले. त्यांनीं धर्मगुरु होऊं नये, सारें आयुष्य शाळेलाच द्यावें, असा नियम ठरला.

त्या काळीं मास्तर एकेका मुलाला जवळ बोलावून धडा घेई आणि बाकीचीं मुलें रिकामीं बसत. वाचनाचा आरंभही लॅटिनपासून होई. द ला साल यांनीं मुलांचे धड्यांप्रमाणें वर्ग पाडून सर्वांना एकत्र शिकविण्याची रीत बसविली, आणि वाचन प्रथम मातृभाषेंत आणिलें. गरिबाचा मुलगा चार दिवस शाळेंत येणार व मग कामाला लागणार. अर्धवट लॅटिन त्याच्या काय उपयोगाचें?

शाळा चालविण्याविषयींचा त्यांचा ग्रंथ १७२० सालीं, मृत्यूनंतर, छापला गेला. तो एकट्यानें खोलींत बसून लिहिलेला नव्हे. अनुभवी ब्रदरांशीं विचारविनिमय करून, वर्गांत पारखून, तो तयार झाला. मुलें गैरहजर कां राहतात याची त्यांत चर्चा आहे, आणि दोष मुलांचा व आईबापांचा सांगून झाल्यावर मास्तराचाही सांगितला आहे! शाळांवर देखरेख करणाऱ्याचीं कर्तव्यें आहेत. नव्या शिक्षकाची बडबड, उतावीळपणा, कठोरता व पक्षपात कसा घालवावा हेंही आहे. ब्रदरांनीं नवा करार सदैव जवळ बाळगावा व वाचल्यावांचून एकही दिवस जाऊं देऊं नये असा नियम असे. शिवाय अध्यापनाच्या कार्यावर त्यांनीं मननें लिहून दिलीं. दिवसभर शिकविणाऱ्यालाही रोज कांहीं वाचावें लागतें, हें त्यांनीं पक्कें ओळखलें होतें.

विरोध मात्र थांबला नाहीं. फुकट शिक्षणानें आपलें पोट बुडतें म्हणून पॅरिसच्या लेखनशिक्षकांनीं वारंवार फिर्यादी केल्या. १७१२ सालीं एक खटला हरल्यावर, आपल्यामुळेंच संघावर संकट येतें असें वाटून ते दक्षिणेस निघून गेले. ग्रनोबल येथें त्यांनीं स्वतः लहान मुलांना शिकविलें. तेव्हां १ एप्रिल १७१४ रोजीं ब्रदरांनीं पत्र पाठवून, संघाला वाहिलेल्या आज्ञापालनाच्या व्रताची आठवण देऊन, परत येण्याची त्यांस आज्ञा केली. संस्थापकाला शिष्यांची आज्ञा! ऑगस्टमध्यें ते पॅरिसला हजर झाले.

१७१७ सालीं ब्रदर बार्थेलमी यांची प्रमुख म्हणून निवड झाली, आणि द ला साल रुआँजवळील सेंट यों येथें इतरांप्रमाणेंच आज्ञेंत राहूं लागले. ७ एप्रिल १७१९ रोजीं, उत्तम शुक्रवारीं, तेथेंच त्यांना देवाज्ञा झाली. संघाला रोमची मान्यता मिळाली ती १७२५ सालीं. पोप तेरावे लिओ यांनीं १९०० सालीं त्यांस संतपद दिलें, व १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलें.