स्लीमन आणि दगड झालेली हाडे
विल्यम स्लीमन यांचा जन्म १७८८ साली इंग्लंडमध्ये झाला. सैन्यात नोकरी धरून ते हिंदुस्थानात आले व येथे उर्दू, फारसी शिकले. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण १८२८ साली जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर, दगड झालेली झाडे शोधताना, त्यांना हाडेही मिळाली. कोणत्या प्राण्याची? डायनोसॉर हा शब्दच तेव्हा नव्हता! १८५६ साली मायदेशी परतताना जहाजावरच त्यांचे निधन झाले. पुढे १८७७ साली लिडेकर यांनी मुख्यतः शेपटीच्या मणक्यांवरून त्या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या अजस्र प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. नंतर मणके हरवले. त्यांतील एक २०१२ साली कोलकात्यात सापडला.