गर्दीत उतरण्याआधीचे मौन

ज्यांच्या एका हाकेवर हजारो माणसे घराबाहेर पडत, ते महात्मा गांधी लहानपणी शाळा सुटताच घरी पळत सुटत. वाटेत कोणाशी बोलावे लागू नये, एवढेच त्यामागचे कारण! विलायतेत शाकाहारी मंडळाच्या समितीवर असतानाही त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी ते उभे राहिले आणि डोके सुन्न झाले. ३० रुपये फी परत करून ते बाहेर पडले.

१८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांची दुःखे मांडण्यासाठी मुंबईत सभा ठरली. फिरोजशहा मेहता यांनी त्यांना भाषण आधीच लिहून, छापून घ्यायला सांगितले. सभेत गांधीजींचा आवाज कापू लागला, तेव्हा दिनशा वाच्छा यांनी ते वाचून दाखवले. आवाजाने साथ सोडली, पण आदल्या दिवशीची तयारी कामी आली.

पुढे गांधीजींचे जीवन माणसांनी भरून गेले. भेटीगाठी, पत्रे आणि सभांना अंत नव्हता. तरीही दिवसाची सुरुवात त्यांनी गर्दीच्या हाती दिली नाही. आश्रमात पहाटे चारच्या सुमारास उठणे, प्रार्थना, फिरणे आणि ठरलेल्या वेळी सूत कातणे हा क्रम ते कसोशीने पाळत. दर सोमवारी त्यांचे मौन असे. अगदी गरज पडली तर ते चिठ्ठी लिहून देत. बाकी वेळ लेखन आणि चिंतन चाले.

१९३० च्या दांडीयात्रेत २४ दिवस वाट चालायची होती, गावोगावी बोलायचे होते. तरीही सोमवार विसाव्याचाच राहिला. १४ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत ते प्रथमच उपस्थित राहिले, तो सोमवार होता. साऱ्या जगाचे लक्ष असताना ते शांत बसून सर्वांचे ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भारताची बाजू मांडली.

आपल्यापैकी अनेक जण स्वभावाने अंतर्मुख असतात. धावपळीचा दिवस समोर दिसला की त्यांच्या छातीत धडधडते. स्वतःला दोष देण्याऐवजी हा क्रम करून पाहूया. आदल्या रात्री बोलायचे मुद्दे कागदावर उतरवावेत. सकाळी मोबाईल हाती घेण्याआधी थोडा वेळ स्वस्थ बसावे. दोन कामांच्या मध्ये पाच मिनिटे मौन ठेवावे. बुजरा स्वभाव सेवेच्या आड येत नाही. त्याला फक्त थोडी पूर्वतयारी लागते.