मराठी वाक्याला शिस्त लावणारा गोरा मेजर : थॉमस कँडी यांची गोष्ट

'ध'चा 'मा' करणं हा वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेलच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकमात 'धरावे' असं होतं, ते 'मारावे' झालं आणि पेशव्यांचा जीव गेला, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी हा वाद वेगळा. पण एका अक्षरानं माणूस मरू शकतो, ही गोष्ट मराठी माणसाला तेव्हापासून पक्की ठाऊक आहे.

अक्षराचं जे, तेच स्वल्पविरामाचं. 'मारू नका, सोडा' आणि 'मारू, नका सोडा' यांत शब्द तेच आहेत. फरक आहे तो फक्त त्या छोट्या चिन्हाच्या जागेचा.

गंमत म्हणजे पेशवाईत हे चिन्ह मराठीत वापरातच नव्हतं. रोजचा व्यवहार मोडी लिपीत चाले. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायचं. दोन शब्दांत मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फारशी फिकीर नाही, वाक्य कुठं संपलं याची खूण नाही. वाचणारा सरावानं अर्थ लावायचा. छापखाने आले, शाळा निघाल्या, तसं हे चालेनासं झालं. कारण छापलेलं पुस्तक शेकडो अनोळखी माणसं वाचणार होती.

हा गुंता सोडवणाऱ्यांत एक नाव फार मोठं आहे, मेजर थॉमस कँडी.

कँडी यांचा जन्म १८०४ सालचा, इंग्लंडमधला. शिक्षण ऑक्सफर्डला झालं आणि नोकरी लागली ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात. जुळा भाऊ जॉर्जही इकडेच होता. त्याच काळात जेम्स मोल्सवर्थ हे लष्करी अधिकारी मराठी-इंग्रजी कोशाच्या कामाला लागले होते. कँडी बंधू त्यांना येऊन मिळाले. १८३१ मध्ये कोशाची पहिली आवृत्ती निघाली, सुमारे ४०,००० शब्दांची. मराठी पंडितांनी गोळा केलेल्या शब्दांवर तो उभा होता. आजही जुना शब्द अडला की लोक मोल्सवर्थ उघडतात.

कोश करताना एक प्रश्न पावलोपावली येतो. एकच शब्द चार माणसं चार तऱ्हांनी लिहितात. मग कोशात कुठलं रूप द्यायचं? तिथं 'दोन्ही चालेल' म्हणून भागत नाही, कारण शब्द सापडायचा तर त्याची जागा एकच हवी.

पुढं मोल्सवर्थ यांनी इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला. तब्येतीनं साथ दिली नाही म्हणून ते काम अर्ध्यावर सोडून मायदेशी गेले. ते कँडी यांनी तडीला नेलं आणि १८४७ मध्ये हा कोश छापून झाला.

दरम्यान पुण्याच्या विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेची जबाबदारी कँडी यांच्याकडे आली होती. १८५२ च्या नोव्हेंबरात याच वाड्यात मुलींच्या शाळा काढल्याबद्दल जोतीराव फुल्यांचा सरकारतर्फे शाल देऊन सत्कार झाला. तो कँडी यांच्याच हस्ते.

त्याआधी दोन वर्षं, म्हणजे १८५० मध्ये, त्यांचं एक छोटं पुस्तक आलं होतं. नाव होतं 'विरामचिन्हांची परिभाषा'. इंग्रजीतली चिन्हं मराठीत कशी वापरायची, त्यांना मराठीत काय म्हणायचं, हे त्यात मांडलं होतं. आज तुम्ही मोबाइलवर टाइप करताना प्रश्नचिन्ह देता, त्यामागं हा सगळा खटाटोप आहे.

नंतर ते सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळांची क्रमिक पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. परशुरामतात्या गोडबोले यांच्यासारखे पंडित मदतीला होते. एका धड्यात एक रूप आणि दुसऱ्यात दुसरं, असं चालायचं नाही. खेड्यातल्या पोरानं आणि शहरातल्या पोरानं तेच मराठी वाचायचं, हा हिशोब होता.

याहून जोखमीचं काम होतं १८६० च्या दंडसंहितेचं मराठी भाषांतर. तेही कँडी यांनी केलं. कायद्यात चोरी वेगळी, जबरी चोरी वेगळी आणि पाच जणांनी मिळून घातलेला दरोडा वेगळा. प्रत्येकाची शिक्षा निराळी. एका कलमात एक शब्द आणि पुढच्या कलमात त्याच अर्थाचा दुसरा शब्द आला, तर आरोपीची वर्षं कमी-जास्त होऊ शकतात.

पण याची दुसरी बाजूही आहे. पुस्तकं तपासायचा अधिकार एका परक्या अधिकाऱ्याच्या हाती गेला, तशी मराठीची वाक्यरचना इंग्रजी वळणानं जाऊ लागली. १८७४ मध्ये निबंधमाला सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी भाषेवरच्या या इंग्रजी छापावर सडकून टीका केली. ती अगदीच गैरलागू नव्हती. एकसारखेपणा हवा हे खरं, पण तो कुणाच्या मराठीवर बेतायचा, हा प्रश्न आजही संपलेला नाही.

१८७७ मध्ये महाबळेश्वरला कँडी यांचं निधन झालं. नियम ठरवायचं काम मात्र चालूच राहिलं. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ मध्ये ४ वाढवले. हेच १८ नियम आज शाळांत आणि सरकारी कामात चालतात.

मग आता सगळं सुरळीत आहे का? मुंबईत देवनारला चला. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून इथं आहे. महाराष्ट्रातल्या वस्त्या, शेती, शाळा यांवर अभ्यास करणारी मुलं इथं शिकतात. गावाच्या नावापासूनच घोळ सुरू होतो. मराठीत 'देवनार', पण इंग्रजी पाटीवरची अक्षरं जशीच्या तशी वाचली तर होतं 'देओनार'. एखाद्या प्रबंधाच्या एका प्रकरणात एक रूप आणि तक्त्यात दुसरं आलं, तर संगणकाच्या लेखी ती दोन गावं होतात. 'विद्यार्थिसंख्या' आणि 'विद्यार्थीसंख्या' यांचंही तेच. शोधणाऱ्याला अर्धीच माहिती मिळते आणि उरलेली अर्धी असूनही नसल्यासारखी होते.

म्हणून विद्यापीठाच्या प्रकाशनांत शब्दरूपांची एक यादी आधी ठरवतात आणि पहिल्या पानापासून शेवटच्या तळटीपेपर्यंत ती पाळतात. संपादक एका स्वल्पविरामासाठी लेख परत पाठवतो, तेव्हा अनेकांना तो कटकट्या वाटतो. पण मजकूर तपासताना लिहिणारा शेजारी नसतो. वाचणाऱ्याच्या हाती फक्त कागद असतो आणि त्यावरूनच त्याला अर्थ लावायचा असतो.