पंडिता रमाबाई : उघड्या दाराची प्रार्थना

जोयडा तालुक्यातील दिग्गीसारख्या रानातल्या गावी वाढणाऱ्या मुलांना अरण्याचे भय वाटत नाही. याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रानात, गंगामूळ येथे, २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरला. तो हट्ट समाजाला रुचला नाही, म्हणून ते अरण्यात जाऊन राहिले. आईने रमाबाईंना तोंडी पाठ देऊन संस्कृत शिकविले. तीर्थयात्रा करीत हे कुटुंब हजारो मैल पायी हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली, आणि रमा व तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच मागे उरले.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्यानंतरची चार वर्षे आम्ही भराभर सांगून टाकतो, कारण दैवानेही ती तशीच घाईने उरकली. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन मोडून विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन बाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ साली त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सुटला. तेथेच वाँटेज गावी २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता त्या मुकाट्याने आपल्या गुरुजनांच्या ओंजळीने पाणी पितील, असे अनेकांना वाटले. परंतु बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईने त्रैक्याचे तत्त्व आपणास पटत नाही हे उघड सांगितले. शाकाहार सोडला नाही, साडीही सोडली नाही. त्यांच्या आध्यात्मिक गुरू सिस्टर जेराल्डिन यांना हा गर्व वाटला. आम्हांस मात्र तो गर्व वाटत नाही. जे मनात नाही ते जिभेवर आणून मान मिळविणे त्यांना सहज शक्य होते, आणि परक्या देशात तेच सोयीचेही होते.

अमेरिकेत जमविलेल्या साहाय्यावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास हलविले. तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, अशी अट होती. रानडे व भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे सल्लागार मंडळात होती. बाई अट पाळीत, पण स्वतःच्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि त्या वेळी दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या.

यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले. आम्ही रमाबाईंचे चाहते असलो तरी विरुद्ध बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणणार नाही. ज्या पालकांनी विश्वासाने मुली पाठविल्या त्यांना आपण फसविले गेलो असे वाटणे स्वाभाविक होते, आणि पुढे काही मुलींनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला. दार लावून घेतले असते तर कदाचित सदन शांत राहिले असते. बाईंनी ते लावले नाही. सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीसपंचवीस मुली घरी नेण्यात आल्या. बाहेर ज्यांची टीका झाली त्या बाई आत किती एकाकी झाल्या असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांचा पुनर्विवाह त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी झाला.

याहूनही कठीण गोष्ट बाईंनी पुढे केली. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी कबूल केले की, बाप्तिस्मा घेतल्यावर कित्येक वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. हजारो लोक जिला धर्माचे उदाहरण मानीत होते तिने आपली ही उणीव छापून सांगितली. विरोधकांच्या हाती आयते शस्त्र द्यावे तसेच ते होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात, स्वतःच्या लहानपणाची भूक आठवून, त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली केडगावास आणल्या. १८९८ साली तेथे मुक्ती सदन उभे राहिले. अंध स्त्रियांनाही तेथे स्पर्शलिपी शिकविली गेली. छापखाना होता आणि खिळे जुळविणाऱ्या बायकाच होत्या. बाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर चालविले होते. १९२१ साली मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. भाषांतर संपविल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला, आणि १९२४ साली संपूर्ण ग्रंथ केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.