शेख महंमदबाबा श्रीगोंदेकर

दत्तजयंतीच्या कीर्तनात लहानपणी ऐकलं होतं, की देवगिरीवर दत्तमहाराज मलंगाच्या वेषात आले आणि एकनाथ आधी बिचकले. मलंगच का? आजोबांना विचारलं, ते नुसते हसले. उत्तराची वाट मला म्हातारपणी श्रीगोंद्यात सापडली.

शेख महंमदांचे गुरू चांद बोधले, कादरी परंपरेतले सूफी. जनार्दनस्वामींचेही तेच गुरू, असं परंपरा मानते. म्हणजे नाथांचं आणि बाबांचं गुरुघर एकच की हो! बाबा जन्माने मुसलमान. ते त्यांनी लपवलं नाही आणि विठ्ठलभक्तीही सोडली नाही. १६४५ साली त्यांनी 'योगसंग्राम' पुरा केला. प्रसंग १८, भाषा मराठी, लढाई आपल्याच कामक्रोधाशी. ढोंगी गुरूंवर तर असे कोरडे ओढलेत, की वाचताना मीच दचकलो. मालोजीराजे भोसल्यांनी त्यांना गुरू मानून श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, असं सांगतात.

समाधीची वाट विचारली, तर एकजण दर्गा म्हणाला, दुसरा मंदिर. दोघांत जरा जुंपलीच. मी चपला काढून आत गेलो. हात जोडले, तोंडून नेहमीचं दिगंबरा निघालं. शेजारी एक म्हातारा डोळे मिटून दुवा मागत होता.