इंजिनाची टकटक शमविणारे मिजली

विसाव्या शतकाच्या आरंभी चढावर मोटारीचे इंजिन टकटक करू लागले की, दोष बॅटरीवरील प्रज्वलन यंत्रणेला दिला जाई. ही यंत्रणा विकसित करणारे चार्ल्स केटरिंग यांच्या डेटन येथील प्रयोगशाळेत थॉमस मिजली १९१६ साली दाखल झाले आणि या आवाजाचे मूळ शोधण्याची कामगिरी त्यांच्याकडे आली.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८ मे १८८९ रोजी जन्मलेले मिजली हे कॉर्नेल विद्यापीठाचे यंत्र अभियंता होते. सिलिंडरमधील दाब मोजून त्यांनी ठिणगी निर्दोष ठरविली. ठिणगी पडल्यानंतर उरलेले इंधन एकाएकी पेटते आणि त्या आघाताचाच हा आवाज, असे त्यांना आढळले. दोष इंधनात होता. अनेक द्रव्ये पारखल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड किंचित मिसळताच इंजिन शांत झाले.

हे शिसे मात्र घातक होते. १९२३ मध्ये विक्री सुरू झाली, त्याच वर्षी मिजली यांनाही विषबाधा झाली. १९२४ मध्ये न्यू जर्सीत पाच कामगार दगावले. तरीही पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन मिजली यांनी तो निर्धोक असल्याचे भासविले.

१९४० मध्ये त्यांना पोलिओने गाठले. अंथरुणातून उठण्यासाठी स्वतःच रचलेल्या दोऱ्यांत अडकून २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांचा अंत झाला. मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली, तर अल्जिरियात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये बंद झाले.